मटिल्डा या नावाचा अर्थ काय घ्यावा?

पागोळी (धागाकर्ती):

मुलींच्या युरोपीय नावांचे अर्थ सांगणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर मटिल्डा या नावापुढे ‘युद्धात बलवान’ एवढेच लिहिलेले असते. व्युत्पत्ती म्हणून त्यात चूक नाही. प्राचीन उच्च जर्मन भाषेत ‘मख्त’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘हिल्त्या’ म्हणजे लढाई. या दोन शब्दांच्या जोडीतून ‘मख्तहिल्त’ हे नाव बनले आणि लॅटिन लिहिणाऱ्या लेखनिकांनी त्याला ‘मटिल्डिस’, ‘मटिल्डा’ अशी रूपे दिली. तरीही ‘युद्धात बलवान’ हा त्या नावाचा अर्थ आहे हे विधान मला पटत नाही. ते का पटत नाही हे सविस्तर मांडावे आणि जाणकारांकडून तपासून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याला संस्कृत नावांची सवय आहे. देवदत्त म्हणजे देवाने दिलेला, असा समासाचा विग्रह करता येतो आणि विग्रह झाला की अर्थ हाती आला असे आपण समजतो. जर्मानिक (जर्मन, इंग्रजी अशा भाषांच्या कुळातली) नावे वरवर पाहता तशीच दिसतात, कारण त्यांतही दोन पदे एकत्र आलेली असतात. परंतु ती पदे एकमेकांशी कोणत्या विभक्तीने बांधली आहेत हा प्रश्न तिथे बहुधा लागूच पडत नाही. फ्रँक राजा चिल्पेरिक याची राणी फ्रेडेगुंड (मृत्यू ५९७) हिच्या नावातले पहिले पद ‘शांतता’ आणि दुसरे पद ‘युद्ध’ असे आहे. उत्तरेकडच्या गुनहिल्ड या नावात दोन्ही पदांचा अर्थ युद्ध, आणि हिल्डेगुंड या नावातही तेच, केवळ क्रम उलटा. यांचा विग्रह कसा करणार? ‘युद्धाचे युद्ध’ असा अर्थ मनात धरून कोणी आपल्या मुलीचे नाव ठेवले असेल हे संभवत नाही.

मग ही पदे येत कुठून होती? माझ्या मते याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ‘हिल्डेब्रांडचे गीत’ या जुन्या जर्मन काव्याच्या तुकड्यात आहे. नवव्या शतकात फुल्डा येथे एका हस्तलिखिताच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर ते उतरवले गेले आणि आज ते हस्तलिखित कासेल येथे आहे. दोन सैन्यांच्या मधोमध बाप आणि मुलगा समोरासमोर येतात. आजोबाचे नाव हेरिब्रांड, बापाचे हिल्डेब्रांड, मुलाचे हाडुब्रांड. पहिले पद प्रत्येक पिढीत बदलते, पण सैन्य, लढाई, झुंज अशा एकाच कुळातले शब्द घेते. ‘ब्रांड’ हे दुसरे पद मात्र तिन्ही पिढ्यांत तसेच राहते. आणि बाप त्या अनोळखी तरुणाला काय विचारतो? तुझा बाप कोण, तू कोणत्या घराण्यातला. मला एकाचे नाव सांग, बाकीचे मी ओळखीन. नावाचे काम काय होते हे याहून नेमके सांगणारी दुसरी ओळ मला माहीत नाही. नाव ऐकणाऱ्याला माणसाचे घर कळावे, हा त्याचा अर्थ होता.

मटिल्डा या नावाला हे तंतोतंत लागू पडते. ज्या स्त्रीमुळे हे नाव युरोपभर गेले ती सॅक्सनीची संत मटिल्डा (मृत्यू १४ मार्च ९६८). तिच्या आईचे नाव राइनहिल्ड, म्हणजे ‘हिल्ड’ हे पद आईकडे आहेच. तिच्या आजीचे, वडिलांच्या आईचे, नाव मटिल्डा. ही आजी हेरफोर्ड येथील मठाची मठाध्यक्षा होती आणि नातीला तिनेच वाढवले. ९०९ साली या नातीचा विवाह हाइनरिशशी झाला, जो पुढे पूर्व फ्रँकांचा राजा झाला, आणि त्यांचा मुलगा ऑटो पुढे सम्राट झाला. तिच्या मागे तिचे नाव नाती-पणतींमध्ये असे पसरले की दोन पिढ्यांत त्या घराण्यातल्या दोन मोठ्या मठांवर मटिल्डा नावाच्या मठाध्यक्षा होत्या: क्वेडलिनबुर्ग येथे ऑटोची मुलगी (९५५ ते ९९९) आणि एसेन येथे त्याची नात. यांतल्या पहिलीने ९९७ पासून, तिसरा ऑटो इटलीत असताना, त्याच्या वतीने सॅक्सनीचा कारभार पाहिला. या मुलींना युद्धात बलवान व्हावे म्हणून हे नाव दिले नव्हते. त्या कोणाच्या नाती आहेत हे जगाला कळावे म्हणून दिले होते.

कातळ:

पागोळीताई, लेख आवडला. एक शंका आहे. ‘मख्त’ हा शब्द ऐकताच आपल्या ‘महत्’ आणि ‘महा’ या शब्दांची आठवण होते. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, तेव्हा मटिल्डा आणि आपली ‘महा’ने सुरू होणारी नावे सख्खी भावंडे मानावीत का?

पागोळी:

कातळ, हा मोह फार जणांना पडतो, पण ही दोन मुळे वेगळी आहेत. ‘महा’चे नाते ग्रीक ‘मेगास’ या शब्दाशी आहे आणि त्याचा अर्थ मोठेपणाचा आहे. जर्मानिक भाषांत त्या मुळाचा वंशज ‘मिकिल’ हा होता, ज्याच्यापासून इंग्रजीतला ‘मच’ आला. ‘मख्त’ हा शब्द ‘शकणे, समर्थ असणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून झालेला आहे. आजच्या जर्मनमधला ‘माख्ट’ आणि इंग्रजीतला ‘माइट’ हे त्याचे वंशज. म्हणजे ‘महा’चे भावंड शोधायचेच असेल तर ते इंग्रजीच्या ‘मच’मध्ये आहे, मटिल्डामध्ये नाही. ध्वनी जुळले म्हणजे मूळ जुळले असे होत नाही, आणि नावांच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी लागते.

शिलालेख:

धागाकर्तीचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो थोडा जास्त ताणला गेला आहे असे वाटते. ज्या गीताचा आपण उल्लेख केलात त्यातच ‘हिल्त्यू’ हा शब्द लढाई या अर्थाने साध्या वाक्यात आला आहे. ते दोघे ‘लढाईला निघाले’ असे तिथे म्हटले आहे. म्हणजे ज्या पिढीने हे गीत ऐकले, तिला ‘हिल्त’चा अर्थ ठाऊक होता. ‘मख्त’ तर रोजच्या बोलण्यातला शब्द. ज्या लोकांना दोन्ही पदे समजत होती, त्यांच्या कानाला मख्तहिल्त या नावात काहीच ऐकू येत नव्हते असे कसे म्हणता येईल? विग्रह होत नसेल, पण सूर तर ऐकू येत असेल. बहुसंख्य नावांची पदे युद्ध, कीर्ती, संरक्षण, सत्ता, शस्त्र याच गोटातली निवडली गेली, यावरून त्या समाजाला काय मोलाचे वाटत होते ते दिसतेच.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. स्थाणेश्वरच्या घराण्यात प्रभाकरवर्धन, राज्यवर्धन, हर्षवर्धन अशी नावे आढळतात. ‘वर्धन’ हे पद घराण्याची खूण आहे, आणि तरीही प्रत्येक नावाचा विग्रह करता येतो. खूण आणि अर्थ एकाच नावात सुखाने नांदतात.

पागोळी:

शिलालेख, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तो मी अर्धा स्वीकारते. नवव्या-दहाव्या शतकात सॅक्सनीत राहणाऱ्यांना या पदांचा सूर नक्कीच ऐकू येत असेल. पण वर्धन नावांशी तुलना केल्यावर फरकही दिसतो: संस्कृतात विग्रह साधेल अशीच जोडी निवडली जाते, तर जर्मानिक नावांत ‘शांतता-युद्ध’ अशी जोडीही चालते. शिवाय हे नाव जेव्हा जर्मन न बोलणाऱ्या प्रदेशात गेले तेव्हा तो सूर पूर्ण हरपला, आणि तरीही नाव चालू राहिले, किंबहुना अधिक फोफावले. अर्थ हेच नावाचे बळ असते तर असे झाले नसते.

एक साखळी देते, ती सावकाश वाचावी. संत मटिल्डाची मुलगी गेरबेर्गा ही पश्चिम फ्रँकांच्या राजाची राणी झाली. गेरबेर्गाच्या मुलीचे नाव मटिल्डा. ती बर्गंडीच्या राजाला दिली. या मटिल्डाच्या मुलीचे नाव पुन्हा गेरबेर्गा. ती श्वाबियाच्या ड्यूकला दिली. तिच्या मुलीचे नाव पुन्हा मटिल्डा. या मटिल्डाची मुलगी बिआत्रिस, जी टस्कनीत गेली, आणि बिआत्रिसची मुलगी म्हणजे कानोसाची मटिल्डा (१०४६ ते १११५), जिच्या किल्ल्याबाहेर १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हाइनरिश पोपची क्षमा मागत बर्फात उभा होता. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या या एकाच ओळीत एक पिढी सोडून आजीचे नाव नातीला मिळत गेले आहे. आल्प्स ओलांडले, भाषा बदलली, तरी आजी बदलली नाही. इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या वंशावळी ठळक असतात आणि या स्त्रिया ‘अमुकची मुलगी, तमुकची पत्नी’ म्हणून तळटिपांत विखुरलेल्या सापडतात. त्यांची नावे एका रेषेत मांडली की त्यांनी स्वतःची वंशावळ स्वतःच लिहून ठेवली होती असे वाटू लागते, आणि या विषयात मला सर्वांत जास्त ओढ लावणारी गोष्ट हीच आहे.

उंबरठा:

या साखळीची दुसरी शाखा इंग्लंडकडे जाते, ती मी मांडतो.

सॅक्सनीतल्या बिलुंग घराण्यातली मटिल्डा दहाव्या शतकात फ्लँडर्सच्या काउंट तिसऱ्या बाल्डविनला दिली गेली. तिच्याच वंशात जन्मलेली फ्लँडर्सची मटिल्डा (मृत्यू १०८३) ही नॉर्मंडीच्या विल्यमची पत्नी, म्हणजे बिलुंगांची मुलगी तिची खापरपणजी. आईकडूनही ती संत मटिल्डाच्या वंशातली होती, कारण संत मटिल्डाची दुसरी मुलगी हाडविग ही ह्यू कापेची आई, आणि ह्यू कापेचा मुलगा रॉबेर हा या मटिल्डाच्या आईचा पिता. १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकले, १०६८ मध्ये मटिल्डाला वेस्टमिन्स्टर येथे राज्याभिषेक झाला आणि तिच्याबरोबर हे नाव इंग्लंडात रुजले. नॉर्मंडीतील कां (Caen) या शहरात तिने स्थापन केलेल्या मठात तिच्या समाधीची काळ्या दगडाची मूळ शिळा आजही आहे.

नाव म्हणजे घर, हा धागाकर्तीचा मुद्दा ज्या एका घटनेने सिद्ध होतो ती ११०० सालची आहे. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याने ११ नोव्हेंबर ११०० रोजी स्कॉटलंडच्या राजाची मुलगी ईडिथ हिच्याशी विवाह केला. ईडिथच्या आईकडून तिच्यात जुन्या इंग्लिश राजवंशाचे रक्त होते आणि हेन्रीला ते हवेच होते; पण ईडिथ हे नाव जिंकल्या गेलेल्या लोकांचे होते. राणी म्हणून ती मटिल्डा झाली. फ्लँडर्सची मटिल्डा तिची धर्ममाता होती, तेव्हा हे नाव तिला परके नव्हते, तरीही बदलामागचे कारण उघड आहे. माम्सबरीचा विल्यम हा इतिहासकार लिहितो की नॉर्मन सरदार या राजाराणीला ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ म्हणून हिणवत असत. ही दोन्ही अस्सल इंग्लिश नावे. राजाला इंग्लिश नावाने हाक मारणे हीच शिवी झाली होती, यावरून त्या दरबारात नावाचा अर्थ शब्दकोशात शोधला जात नव्हता हे कळते.

याला एक जुना पदरही आहे. ज्या ऑटोचा उल्लेख वर आला, त्याची पहिली पत्नी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाची नात होती आणि तिचे नाव ईडिथच होते. एसेनची मठाध्यक्षा मटिल्डा ही या ईडिथची नात; इंग्लंडमधील तिचा नातलग एथेलवर्ड याने आपला लॅटिन इतिवृत्तग्रंथ तिच्यासाठी लिहिला आणि त्यात दोघांचे नाते समजावून सांगितले. ईडिथ आणि मटिल्डा ही दोन नावे ११०० च्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच एका घरात सासू-सून म्हणून नांदली होती.

पुढे तर या नावाची इतकी दाटी झाली की इतिहास वाचताना गोंधळ उडतो. हेन्री आणि ईडिथ-मटिल्डा यांची मुलगी म्हणजे सम्राज्ञी मटिल्डा (११०२ ते ११६७). हेन्रीच्या अनौरस मुलींपैकीही एकीहून अधिक मटिल्डा. त्यांतली एक ११२० साली ‘व्हाइट शिप’ हे जहाज बुडाले त्यात गेली. त्याच जहाजावर बुडालेल्या युवराजाची पत्नीही मटिल्डाच. सम्राज्ञीच्या विरोधात गादीवर बसलेल्या स्टीफनची राणी हीदेखील मटिल्डा, आणि ती सम्राज्ञीची सख्खी मावसबहीण. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकन येथे सम्राज्ञीच्या बाजूने स्टीफनला पकडले. सप्टेंबरमध्ये विंचेस्टर येथे राणीच्या सैन्याने सम्राज्ञीचा सावत्र भाऊ रॉबर्ट याला पकडले, आणि शेवटी दोन्ही कैद्यांची अदलाबदल झाली. त्या वर्षी इंग्लंडचे भवितव्य दोन मटिल्डा ठरवत होत्या असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

शिलालेख:

उंबरठा, उत्तम प्रतिसाद. त्यात एक भर घालतो. सम्राज्ञीची नात, दुसऱ्या हेन्रीची मुलगी मटिल्डा, ११६८ साली सॅक्सनीचा ड्यूक ‘सिंह’ हाइनरिश याला दिली गेली. जे नाव सॅक्सनीतून फ्लँडर्सला, तिथून नॉर्मंडीला आणि तिथून इंग्लंडला गेले, ते दोनशे वर्षांनी राजकन्येच्या रूपाने परत सॅक्सनीत आले. ब्राउनश्वाइगच्या कॅथेड्रलमध्ये तिची आणि हाइनरिशची समाधी आहे.

कातळ:

इंग्रजीतले मॉड हे नाव मटिल्डाचेच रूप आहे असे वाचले होते. त्यात एकही अक्षर धड शिल्लक राहिलेले दिसत नाही. हे कसे झाले?

पागोळी:

हे जुन्या फ्रेंचच्या उच्चारांत झाले, आणि त्याला नियम आहे. दोन स्वरांमधला ‘त-द’ त्या भाषेत गळून पडत असे, म्हणून मधला दंत्य वर्ण गेला आणि ‘माहाल्ड’, ‘माहाल्त’ अशी रूपे उरली. नंतर व्यंजनापूर्वीच्या ‘ल’चा ‘उ’ झाला. लॅटिन ‘आल्बा’पासून फ्रेंचमध्ये पहाटेला ‘ओब’ म्हणतात तोच हा बदल. त्यामुळे ‘माहाल्त’चे ‘माहाउत’ झाले आणि ते आखडून इंग्लंडात ‘मॉड’ झाले. फ्रान्समध्ये आर्त्वाची काउंटेस माहो (मृत्यू १३२९) हिच्या नावात मधली पायरी अजून दिसते.

म्हणून मध्ययुगातील दस्तऐवज वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते की लेखनिक कागदावर ‘मटिल्डिस’ लिहीत होता, पण त्या बाईला घरचे लोक मॉड म्हणूनच हाक मारत होते. लॅटिन रूप हे दप्तरातले, मॉड हे अंगणातले. सामान्य लोकांत तर ‘टिल’, ‘टिली’, ‘टिलट’ अशी लाडकी रूपेही रूढ होती. ‘टिलटसन’ हे इंग्रजी आडनाव म्हणजे टिलटचा मुलगा, अर्थात आईच्या नावावरून पडलेले आडनाव. मॅडिसन या आडनावाची एक व्युत्पत्तीही मॉडच्या ‘मॅडी’ या लाडक्या रूपावरून सांगतात (दुसरी मॅथ्यूवरून सांगितली जाते). अमेरिकेत आज मुलींना हौसेने ठेवले जाणारे मॅडिसन हे नाव असे ‘मॉडचा मुलगा’ या आडनावातून आलेले असू शकते.

दर्यावर्दी:

मी वसईचा. आमच्या ख्रिस्ती समाजात मटिल्डा हे नाव जुन्या पिढीत आढळते, गोव्यातही आढळते, आणि आजी-आजोबांचे नाव नातवंडांना ठेवण्याची रीत आमच्याकडे आहेच, त्यामुळे वरची साखळी वाचताना ती राजघराण्याची आहे असे वाटलेच नाही. पोर्तुगीजांमध्ये ‘माफाल्दा’ हे नाव आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो याची राणी साव्हॉयची माफाल्दा होती. ते मटिल्डाचेच रूप का? आणि दुसरे असे की या नावाचा सण १४ मार्चला मानतात, पण मी नोव्हेंबरमधलाही एक दिवस ऐकला आहे. योग्य कोणता?

पागोळी:

दर्यावर्दी, माफाल्दा हे मटिल्डाचेच रूप आहे. त्या राणीचा ११४६ साली विवाह झाला, आणि तिचे नाव लॅटिन कागदांत मटिल्डा असेही येते.

सणाचे दोन्ही दिवस बरोबर आहेत, कारण संत दोन आहेत. १४ मार्च हा राणी मटिल्डाचा मृत्युदिन. १९ नोव्हेंबर हा हाकेबोर्नच्या मेख्टहिल्डचा. ती हेल्फ्टा येथील मठात होती आणि १२९८ साली वारली. मेख्टहिल्ड हे त्याच नावाचे खरे बोलीतले जर्मन रूप आहे. पुढच्या ‘इ’मुळे आधीच्या ‘अ’चा ‘ए’ झाला, हा जर्मनमधला नेहमीचा बदल. ‘माटिल्डे’ हे रूप मात्र लॅटिनवरून आलेले. त्याच मठात अखेरची वर्षे काढलेली माग्डेबुर्गची मेख्टहिल्ड हिने आपले ईश्वरानुभव लॅटिनमध्ये न लिहिता स्वतःच्या उत्तर जर्मन बोलीत लिहिले, तीही याच नावाची.

तेव्हा तुमच्याकडे एखाद्या आजीच्या बाप्तिस्म्याची लॅटिन नोंद पाहायला मिळाली, तर त्यात ‘मटिल्डिस’ आहे की ‘मेख्टिल्डिस’ आहे ते पाहावे आणि शेजारची जन्मतारीख वाचावी. मार्चच्या आसपासची असेल तर राणीचे नाव, नोव्हेंबरच्या आसपासची असेल तर हेल्फ्टाच्या मेख्टहिल्डचे, असा अंदाज बांधता येईल. आणि तारीख दोन्हींपासून दूर असेल, तर त्या आजीच्या आजीचे नाव काय होते हे आधी विचारावे.